लेक अजून शिकतेच का?

(सिद्धेश्वर परिसरातील बचत गटांच्या महिलांसाठी सामुदायिक रेडिओवर झालेलं हे भाषण. बोलणारी ताई सिद्धेश्वरचीच. ती पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत रोगप्रतिकारशक्ती आणि संसर्गजन्य रोग या विषयात पीएच.डी. करते.)



माझ्या मायला गावात नेहमी विचारतात, “तुमची लेक अजून शिकतेच का? काय शिकते एवढं? अन् लग्नाचं काय?” विचारणाऱ्या बायका परक्या नाहीत. त्यांच्या पोटात कळवळा असतो. पण माय काय सांगणार? “ती जंतूंचं काहीतरी करते,” एवढं बोलून ती विषय बदलते. म्हणून आज तिच्या वतीनं मीच सांगते. कारण हे प्रश्न फक्त माझे नाहीत. तुमच्यापैकी कुणाच्या घरी बारावी सायन्सची मुलगी असेल, कुणाची बी.एस्सी.ला असेल. उद्या तिच्यासाठी हेच प्रश्न तुमच्या दाराशी येतील. तेव्हा उत्तर माहीत असलेलं बरं.

आधी, शिकते काय ते सांगते.

आपल्या अंगात रोगाशी लढणारी एक व्यवस्था असते. तिला रोगप्रतिकारशक्ती म्हणतात. ती कशी चालते, कुठं कमी पडते, तिला आधीच तयार कसं करायचं, हा माझा अभ्यास. ऐकायला जड वाटतं, पण यातलं बरंच तुम्ही घरात रोज करता. गरोदरपणात आशाताई तुम्हाला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला लावते. ते आईला देतात, पण वाचतं बाळही. आईच्या रक्तात धनुर्वाताविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं, म्हणजे लढणारी प्रथिनं, नाळेतून बाळाकडे जातात. पूर्वी नाळ कापताना जंतू शिरून कितीतरी बाळं दगावायची. लस, दवाखान्यातली बाळंतपणं आणि स्वच्छ नाळ यांमुळे २०१५ साली भारतात माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. सरकारी हिशेबात निर्मूलन म्हणजे रोग अगदी क्वचित उरला. म्हणून इंजेक्शन आजही घ्यायचंच.

बाळंतिणीचं पहिलं पिवळं घट्ट दूध बाळाला पाजायचं, हेही त्याच अभ्यासातून आलं. त्या चिकात आईची प्रतिपिंडं भरपूर असतात. गोठ्यात तर ही गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. गाईची नाळ अशी असते की त्यातून प्रतिपिंडं वासराकडे जातच नाहीत. वासरू जन्मतं ते जवळजवळ निःशस्त्र. त्याला जे मिळायचं ते चिकातूनच मिळतं, आणि तेही पहिल्या काही तासांत, कारण दिवसभरानं त्याच्या आतड्यांना ती प्रथिनं जशीच्या तशी शोषता येत नाहीत. म्हणून खरवस पुन्हा कधी करा, पहिला चीक वासराला पोटभर पाजा. हे सांगायला पीएच.डी. लागत नाही. पण हे असं का होतं, ते कुणीतरी वर्षानुवर्षं बसून शोधून काढलं, म्हणून आज मी ते तुम्हाला खात्रीनं सांगू शकते.

आता पीएच.डी. म्हणजे काय? दहावी, बारावी, बी.एस्सी., एम.एस्सी. इथपर्यंत आपण दुसऱ्यांनी शोधलेलं शिकतो. उत्तर पुस्तकात असतं, परीक्षेत ते लिहायचं असतं. पीएच.डी.त उत्तर कुणालाच माहीत नसतं. एक प्रश्न घ्यायचा, त्यावर जगात आजवर काय काम झालं ते वाचायचं, आणि मग स्वतः प्रयोग करून त्यात एका दाण्याची का होईना, भर घालायची. शेवटी सगळं लिहून काढायचं. त्याला प्रबंध म्हणतात. बाहेरचे जाणकार तो तपासतात, समोर बसवून प्रश्न विचारतात, आणि मगच पदवी मिळते.

मी घेतलेला प्रश्न टीबीचा आहे, म्हणजे क्षयाचा. टीबीचा जंतू अंगात शिरला म्हणजे माणूस आजारी पडतोच असं नाही. शंभर जणांच्या अंगात तो शिरला तर आयुष्यभरात साधारण पाच ते दहा जण आजारी पडतात. बाकीच्यांचं शरीर त्या जंतूभोवती पेशींचा गराडा घालून त्याला दाबून ठेवतं. एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाणारे दोघं भाऊ, एकाला टीबी होतो आणि दुसऱ्याला होत नाही, असं का? काही कारणं माहीत आहेत. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू, दारू यांनी गराडा ढिला पडतो. पण ही कारणं नसतानाही काहींना होतो. तिथं आमचं काम सुरू होतं.

बाळ जन्मल्यावर त्याच्या डाव्या दंडावर बीसीजीची लस देतात, ती याच रोगाची. ती पहिल्यांदा माणसाला दिली १९२१ साली, म्हणजे तिला शंभर वर्षं उलटून गेली. लहान मुलांना होणाऱ्या मेंदूच्या टीबीसारख्या भयंकर प्रकारांपासून ती चांगलं रक्षण करते. पण मोठ्या माणसांच्या फुफ्फुसाच्या टीबीपासून तिचं संरक्षण भरवशाचं नाही. कुठं दिसतं, कुठं दिसत नाही. असं का, आणि याहून चांगली लस कशी करायची, यावर जगभर हजारो माणसं काम करतात. त्यातली मी एक. माझ्या एकटीनं लस निघणार नाही. पण धरणाची भिंतही एका पाटीनं उभी राहिली नव्हती.

संशोधन नेहमी सूक्ष्मदर्शकाखालीच होतं असंही नाही. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला. टीबीच्या रुग्णाच्या घरच्यांना दर महिन्याला तांदूळ आणि डाळ दिली, तर त्यांना टीबी व्हायचं प्रमाण कमी होईल का? दहा हजारांहून जास्त घरच्या माणसांवर त्यांनी लक्ष ठेवलं. २०२३ साली उत्तर छापून आलं, की टीबीचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं. विचार करा, घरातल्या डब्यातली डाळसुद्धा लसीसारखं काम करते. सगळ्यांना वाढून शेवटी उरलं तर खाणाऱ्या आपल्या बायकांनी ही गोष्ट नीट ऐकावी.

आता एका मोठ्या बाईची गोष्ट सांगते. तिचं नाव डॉ. कमल रणदिवे.

कमलताई मूळच्या समर्थ. जन्म पुण्यात, ८ नोव्हेंबर १९१७. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. लेकीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टराशीच लग्न करावं, असं त्यांच्या मनात होतं. लेकीचं मन मात्र जीवशास्त्रातच रमलं. हुजूरपागेत शाळा, मग फर्ग्युसनमधून बी.एस्सी. १९३९ साली गणिताचे जाणकार ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी त्यांचं लग्न झालं आणि त्या मुंबईला गेल्या.

आपल्याकडे इथंच शिक्षणाची वही बंद होते. कमलताईंची झाली नाही, आणि त्यात नवऱ्याची मदत मोठी होती. लग्नानंतर चार वर्षांनी, १९४३ साली, त्यांनी पुण्याच्या शेतकी कॉलेजातून एम.एस्सी. केलं. विषय होता सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं. म्हणजे सुरुवात सीताफळ-रामफळापासून झाली. मग मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली काम करून १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. तेव्हा त्यांचं वय तिशीच्या पुढे होतं आणि घरात लेकरू होतं. पुढे त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे शिकून आल्या. शरीराच्या पेशी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून वाढवायच्या, हे तिथलं काम. परत येऊन त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात तशी प्रयोगशाळा उभी केली. भारतात अशी प्रयोगशाळा तोवर नव्हती.

त्यांचं मुख्य काम कर्करोगावरचं. पण कुष्ठरोगावरही त्यांनी हात घातला, आणि ती गोष्ट माझ्या विषयाची. कुष्ठरोगाचा जंतू फार हट्टी. दुधाला विरजण लावलं की दही होतं, तसे बहुतेक जंतू प्रयोगशाळेत योग्य खाद्य दिलं की वाढतात. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन यांनी १८७३ सालीच पाहिला, पण प्रयोगशाळेतल्या खाद्यावर तो आजतागायत कुणाला वाढवता आलेला नाही. कमलताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या शरीरातून घेतलेले जंतू जिवंत पेशींच्या सोबतीनं वाढवून पाहिले. काही जंतू वाढले. पुढे तपासणीत कळलं, की ते खुद्द कुष्ठरोगाचे जंतू नव्हेत, त्यांच्या भावकीतले दुसरेच आहेत.

आता वाटेल की सगळी मेहनत पाण्यात गेली. तसं झालं नाही. भावकीतला जंतू ओळखून घेतलेलं शरीर मूळ जंतूलाही ओळखेल का, हा नवा प्रश्न तयार झाला. त्या जंतूंना मारून त्यांच्यापासून लस तयार केली गेली. १९९१ पासून तमिळनाडूत दीड लाखाहून जास्त लोकांवर वेगवेगळ्या लसी तपासल्या. काहींना लस, काहींना नुसतं मिठाचं पाणी, आणि कुणाला काय दिलं हे घेणाऱ्यालाही माहीत नाही, देणाऱ्यालाही माहीत नाही. असं केल्याशिवाय खरं-खोटं कळत नाही. १९९८ साली निकाल आला. या लसीनं सुमारे ६५ टक्के संरक्षण दिलं होतं.

आज कुष्ठरोगासाठी अनेक औषधांचा एकत्र उपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो आणि रोग पूर्ण बरा होतो. म्हणून अंगावर बधिर चट्टा दिसला, तिथं टोचलं तरी कळत नसेल, तर लपवू नका. तसंच दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, यातलं काही असेल तर थुंकी तपासून घ्या. तीही तपासणी फुकट आहे.

कमलताईंना १९८२ साली पद्मभूषण मिळालं. पण मला त्यांच्या दोन गोष्टी पदकापेक्षा मोठ्या वाटतात. १९७३ साली त्यांनी सोबतिणींना घेऊन भारतीय महिला वैज्ञानिक संघटना उभी केली. विज्ञानात काम करणाऱ्या बायकांचा तो एक गटच म्हणा ना. आणि पुढे वय झाल्यावर त्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात गेल्या, तिथल्या आदिवासी मुलांच्या खाण्यापिण्याचा, पोषणाचा अभ्यास केला. मोठ्या प्रयोगशाळेतली बाई शेवटी लेकरांच्या ताटापाशी आली. २००१ साली त्या गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, त्या प्रोफेसरांच्या लेक होत्या, पुण्या-मुंबईच्या होत्या. आपल्या पोरीचं काय? ठीक आहे, वाट सांगते.

अकरावी-बारावीला सायन्स, त्यात जीवशास्त्र. मग बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, काहीही चालतं. मग दोन वर्षांचं एम.एस्सी. आपल्या हिंगोलीसाठीचं विद्यापीठ नांदेडला आहे, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, १९९४ पासून. तिथंही हे विषय आहेत. पशुवैद्यकीय, फार्मसी किंवा डॉक्टरकीकडूनही या विषयात येता येतं. एम.एस्सी. करता करता सीएसआयआर-नेट नावाची परीक्षा द्यायची. ती अवघड आहे, पहिल्या खेपेला बहुतेकांची निघत नाही, पुन्हा द्यावी लागते. तिच्यात चांगला क्रमांक आला की जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळते. वयाची अट असते, पण मुलींना त्यात पाच वर्षांची सूट आहे.

पैशांचं स्पष्ट सांगते, कारण घरात खरा अडसर तिथं येतो. “अजून किती वर्षं पैसे पाठवायचे?” जेआरएफ मिळालेल्या मुलीला पैसे पाठवावे लागत नाहीत. जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, आणि पुढे काम समाधानकारक असेल तर ४२,००० रुपये, वर घरभाड्याचा भत्ता. म्हणजे ती शिकतेही आणि कमावतेही. ज्यांना जेआरएफ मिळत नाही त्यांच्यासाठी राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या समाजघटकांतल्या पीएच.डी.च्या मुलामुलींना शिष्यवृत्ती देतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जे लागेल ते आधीच काढून ठेवा. जाहिरात निघाल्यावर तहसीलला पळापळ केली तर तारीख निघून जाते.

दुसरी बाजूही सांगते. शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर येतीलच असं नाही. कधी कधी चार-चार महिने येत नाहीत, आणि पुण्यात खोलीचं भाडं थांबत नाही. तेव्हा मायनं गटातून कर्ज काढून मला पैसे पाठवले होते, आणि शिष्यवृत्ती आल्यावर मी ते व्याजासकट भरले. पीएच.डी. झाल्यावर लगेच कायमची नोकरी लागते असंही नाही. कॉलेजं, सरकारी संशोधन संस्था, लस आणि औषधांच्या कंपन्या, तपासणीच्या प्रयोगशाळा, इथं कामं आहेत, पण शोधावी लागतात. पदव्या जास्त आणि जागा कमी, हेही खरं.

आणि काम रोजचं. पेशी रविवार पाळत नाहीत. जनावराला जसं दिवाळी असो की पोळा, चारापाणी करावंच लागतं, तसं काचेच्या भांड्यातल्या पेशींना ठरल्या वेळी खाद्य बदलावं लागतं. सहा महिने केलेला प्रयोग एका रात्री बिघडतो. सगळं वहीत तारीखवार लिहावं लागतं, खाडाखोड न करता. आपल्या गटाचं रजिस्टर जसं कुणीही उघडून तपासू शकतं, तशी आमची वही. माणसाचं रक्त घ्यायचं तर आधी समितीची परवानगी, आणि त्या माणसाला त्याच्या भाषेत समजावून त्याची सही.

माझी आजी म्हणते, “तू जंतू घरी घेऊन येशील.” त्याचंही उत्तर आहे. असं काम बंद कपाटासारख्या यंत्रात होतं, त्यातली हवा गाळून बाहेर सोडतात. टीबीच्या जिवंत जंतूंचं काम वेगळ्या कडक प्रयोगशाळेत, वेगळे कपडे आणि तोंडावर मास्क घालून. आत जाण्याआधी महिनोनमहिने प्रशिक्षण. कपडे तिथंच राहतात, घरी येत नाहीत.

आता तिसरा प्रश्न. लग्नाचा.

मी पाहिलंय, माझ्या सोबत एम.एस्सी. केलेल्या किती तरी हुशार मुली मार्कांमुळे थांबल्या नाहीत. स्थळ आलं म्हणून थांबल्या. लग्न करू नका, असं मी सांगत नाही. लग्न आणि पीएच.डी. एकमेकांच्या आड येतात असं गृहीत धरू नका, एवढंच म्हणते. पूर्वी नियमच आड यायचे. १९३३ साली कमला भागवत, पुढच्या डॉ. कमला सोहोनी, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना आधी नकार दिला. त्या हटल्या नाहीत. मग पहिलं वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी न मानण्याच्या अटीवर घेतलं. त्यांनी काम करून दाखवलं आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली.

आज नियम आपल्या बाजूचे आहेत, पण माहीत नसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं धरलेली आहेत. मुदतवाढ वेगळी मिळते, आणि त्यावर बायकांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. बाळंतपणासाठी किंवा मूल सांभाळण्यासाठी एकदा २४० दिवसांपर्यंत रजा देता येते. आणि हे नीट ऐका, लग्नामुळे मुलीला दुसऱ्या गावी जावं लागलं, तर ठरलेल्या अटी पाळून तिचं संशोधन तिकडच्या विद्यापीठात नेता येतं. म्हणजे सासर लातूरला असो की नागपूरला, केलेलं काम वाया जाऊ नये अशी सोय कागदावर आहे. ती मागायला मात्र मुलीच्या मागं कुणीतरी उभं राहावं लागतं.

पुण्याच्या डॉ. मीनल दाखवे भोसले यांचं नाव काहींनी ऐकलं असेल. करोना आला तेव्हा तपासणीचे संच बाहेरून आणावे लागत होते. एका खासगी कंपनीत मीनलताईंच्या टीमनं सहा आठवड्यांत देशी संच तयार केला. मार्च २०२० मध्ये संच तपासणीसाठी सोपवला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. बाळंतपण तोंडावर आलेल्या बाईनं प्रत्येक वेळी असंच धावावं, असं माझं म्हणणं नाही. पण “आता तिच्यानं काय होणार” हे कुणी आधीच ठरवू नये.

सुरक्षिततेची काळजी वाटते, ती रास्त आहे. मुलीला पाठवण्याआधी वसतिगृह स्वतः जाऊन पाहा. प्रत्येक संस्थेत २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते. तिच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर मुलीकडे पहिल्याच दिवशी असले पाहिजेत. आणि मार्गदर्शक निवडताना त्यांच्याकडे आधी शिकलेल्या मुलींशी बोलून घ्यावं. सोयरीक जुळवताना आपण चार घरी चौकशी करतो ना, तशीच इथंही करायची. पाच-सहा वर्षं त्यांच्या हाताखाली काढायची असतात.

आता गटातल्या बायकांकडे माझं एक मागणं आहे. पुढच्या बैठकीत हप्ते भरून झाले की दहा मिनिटं काढा. गावात सायन्स घेतलेल्या मुली किती आणि कोणत्या वर्गात, याची यादी करा. त्यातली कुणी बी.एस्सी.नंतर घरी बसली असेल तर का बसली, ते तिलाच विचारा, तिच्या चुलत्याला नको. परीक्षेची फी, येण्याजाण्याचं भाडं, अर्ज भरायचा खर्च, अशा हजार-दोन हजारांपायी मुली अडतात. हळदीच्या बियाण्याला आपण गटातून कर्ज देतो, तसं या खर्चालाही द्या. ही उगवण उशिरा दिसते, पण दिसते. आपल्याच औंढा तालुक्यात लायगो नावाचा मोठा विज्ञान प्रकल्प उभा राहतोय. विज्ञान आता पुण्या-मुंबईलाच राहिलेलं नाही, ते आपल्या धुऱ्यापर्यंत आलंय. तिथं आपल्या पोरी फक्त रस्त्यावरून बघणाऱ्या राहू नयेत.

आणि मुलींनो, तुम्हाला एकच सांगते. घरात, गोठ्यात, दवाखान्यात काही दिसलं आणि “असं का?” हा प्रश्न पडला, तर तो वहीत लिहून ठेवा. कुणाला विचारल्यावर उत्तर मिळालं तर छान. कुणालाच उत्तर माहीत नसेल, तर ती वही जपून ठेवा. पीएच.डी.ची सुरुवात अशाच एका ओळीपासून होते.

तर बायांनो, आता कुणी विचारलं की सिद्धेश्वरची ती लेक अजून शिकतेच का, तर सांगा, हो, शिकते. टीबी एकाला होतो आणि दुसऱ्याला का होत नाही, ते शोधते. त्याचे तिला पैसे मिळतात. आणि लग्नाचं ती अन् तिचे आईबाप मिळून ठरवतील.